बाबांची बंदी आणि बाबांचीच हरकत

आमच्या घरात एक चमत्कारिक नियम आहे, आणि तो वकील असलेल्या आमच्या बाबांनीच केलाय. ज्याला एखादी गोष्ट बंद करायची असेल, त्याने ती चालू ठेवण्याच्या बाजूने भांडायचं आणि समोरच्याने उलट. निकाल आईचा. तिचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आलेली असते, त्यामुळे घरी कुणी लांबण लावलेलं तिला खपत नाही.

परवा बाबांनी व्हिडिओ गेम बंद करायचा ठराव मांडला. लग्न होऊन दूर गेलेली ताई मला भेटते ती गेममध्येच. फोनवर ती सगळ्यांना "मजेत आहे" एवढंच सांगते. गेममध्ये मात्र गाडी पळवता पळवता मनातलं सगळं बोलते, कधी कधी रडतेसुद्धा. बंदी आली की ते संपलंच.

नियमाप्रमाणे मला बंदीच्या बाजूने बोलायचं होतं. म्हणजे नुसतं हरायचं होतं. त्यात काय अवघड? सापडतील तितके तकलादू मुद्दे गोळा केले.

जेवणं उरकल्यावर मी उभी राहिले. "चौथ्या मजल्यावरच्या मुलाने काच फोडली. तो गेम खेळतो. म्हणजे गेममुळेच फोडली."

आईने चक्क मान डोलावली. मी चरकले आणि आणखी पडेल मुद्दा काढला. "आज गेम, उद्या शाळेला दांडी, परवा तुरुंग!"

"खरंय गं बाई," आई म्हणाली.

"आणि गेमची बाजू घेणाऱ्यांना मुलांची काळजीच नसते."

आईने बाबांकडे असं पाहिलं की विचारू नका.

"शेजारच्या सगळ्यांनी बंद केलेत. ते काय वेडे आहेत?"

"अगदी माझ्या मनातलं बोललीस!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मला रडू यायचंच बाकी होतं.

बाबा गप्प बसले असते तर बंदी त्यांच्या पदरात पडली होती. पण या माणसाला हार पचत नाही, मग ती स्वतःच्याच फायद्याची का असेना. त्यांचे कान लाल झाले.

"हरकत!" ते गरजले. "तो मुलगा रोज दूधही पितो. दूध बंद करायचं? आणि खेळूनही काच न फोडणारी पोरं मोजलीस का? दांडीवरून थेट तुरुंगात उडी? मधल्या पायऱ्या दाखव! बोलणाऱ्याला नावं ठेवली म्हणजे त्याचं म्हणणं खोटं होतं होय? आणि सगळ्यांनी केलं म्हणजे ते बरोबर, हे कोणी सांगितलं तुला?"

"अहो, बंदी तुम्हालाच हवी होती ना?" आईने विचारलं.

"ते नंतर बघू!"

आईने निकाल दिला. गेम राहणार. बाबांनी टेबलावर थाप मारली, आणि मग आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

"इतकी टुकार बाजू मांडलीस? वकिलाची पोरगी ना तू?"

मग मला राहवेना. ताई गेममध्ये रोज भेटते, बोलते, एवढंच सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"माझ्याशी दोन वाक्यं बोलते आणि 'आईला फोन द्या' म्हणते," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "शिकव मला."

ताई गेममध्ये आली तेव्हा बाबांनी आधीच सांगून टाकलं, "मी आहे गं." आणि गाडी सरळ भिंतीवर घातली. ताई इतकी हसली की आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, उजवीकडे! अहो, ते डावं!"

बऱ्याच धडका झाल्यावर ताईचा आवाज हळू आला. "बाबा, मला इथे करमत नाही हो."

बाबांनी गाडी कडेला थांबवली.

"बोल," ते म्हणाले.