कुशाबाच्या टॅक्सीतली ऊब

मीच बोलतेय. इकडेतिकडे काय बघता? लालबागच्या चाळीमागं, नळाच्या पलीकडं, विटांवर टेकून उभी आहे ना काळी-पिवळी, तीच मी. चाकं काढून नेलीत, एक दिवा फुटलाय, आणि टपावर बायका गोधड्या वाळत घालतात. घाला बायांनो, माझं काही म्हणणं नाही. एक-दोन दिवसांत मला मोडीत काढायला न्यायचं ठरलंय. त्याआधी एक गोष्ट कुणाच्या तरी कानावर घालायची आहे, म्हणून तोंड उघडलं. एरवी कुरकुर करणं माझ्या अंगात असलं, तरी रडगाणं गायची सवय मला नाही.

जन्म माझा विलायतेचा. बोटीनं आले, आणि गिरगावातल्या एका बॅरिस्टरांनी मला घेतलं. त्यांच्या बाईसाहेबांना थंडी अजिबात सोसायची नाही, आणि दर हिवाळ्यात महाबळेश्वरला तर जायचंच असायचं. म्हणून मुद्दाम हीटरवाली गाडी मागवली होती.

त्या हीटरची करामत साधी होती. इंजिनाचा जळका धूर ज्या नळीतून मागं जातो, ती नळी चांगलीच तापते. तिच्याभोवती पत्र्याचं एक खोकं बसवलेलं. खोक्यातली गरम हवा झडप उघडली की आत पायाशी यायची. धूर नळीच्या आत, हवा नळीच्या बाहेर. दोघांची गाठ पडता कामा नये, एवढंच काय ते पथ्य.

मुंबईत याचं केवढं हसं व्हायचं म्हणून सांगू! बारा महिने घाम पुसणारं गाव हे, आणि इथं पाय शेकायची सोय. बॅरिस्टर वारले, महाबळेश्वर सुटलं, आणि ती झडप कायमची मिटली. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आत काय चाललंय ते बघायला कोण जातंय?

बॅरिस्टरांकडं कुशाबा ड्रायव्हर होता. साताऱ्याकडचा, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. बाईसाहेबांनी मला त्याच्याच हवाली केलं. त्यानं मला काळा-पिवळा रंग दिला आणि मी टॅक्सी झाले. मला तो 'म्हातारे' म्हणायचा. चल म्हातारे, थांब म्हातारे. स्वतःचे केस पांढरे झाले तरी म्हातारी मीच. पण सकाळी मला पुसल्याशिवाय चहा प्यायचा नाही, हे खरं.

त्याची बायको कमळा गावाकडं लेकीच्या, रखमाच्या वेळी बाळंत झाली आणि आठवड्याच्या आत तापानं गेली. झोपडीला दार नव्हतं, नुसता तट्ट्या होता. बायका म्हणाल्या, ओल्या बाळंतिणीला वारा लागला. कुशाबाच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. वाऱ्याचं त्यानं असं काही वैर धरलं, की पोरीला खोकला आला तरी हा खिडक्या लावत सुटायचा. दुसरं लग्न केलं नाही. लालबागच्या एका खोलीत रखमाला एकट्यानं वाढवली. वेणीसुद्धा हाच घालायचा, आणि वाकडी घालायचा.

मग रखमाचं लग्न झालं. नवरा राजाराम छापखान्यात कामाला, खोली गिरगावात, खोताच्या वाडीजवळ. पोरगा गुणी होता, पण डोक्यात एकच, मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे. सत्याग्रहात गेला आणि तुरुंगात जाऊन बसला. इकडं रखमाचे दिवस भरत आलेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. पण पोटातलं पोर कुणाच्या ठरवण्यानं येतं होय? आधीच दुखायला लागलं, आणि शेजारणींनी तिला गिरगावातल्याच इस्पितळात नेलं. मुलगा झाला. कुशाबानं त्या दिवशी टॅक्सी स्टँडवरच्या सगळ्यांना पेढे वाटले आणि माझ्या बॉनेटवरही एक ठेवला. ठेवला म्हणजे काय, नंतर त्यानंच खाल्ला.

छप्पन सालचा जानेवारी तो. मुंबई महाराष्ट्राला नाही, अशी बातमी रेडिओवर आली आणि शहर पेटलं. दगड, लाठ्या, अश्रुधूर, गोळ्या. इस्पितळात जखमींना खाटा पुरेनात. ज्या बाळंतिणी चालत्याबोलत्या आहेत त्यांना घरी न्या, असा निरोप आला. बाळाचं बारसंही व्हायचं होतं, त्याला अजून नाव नव्हतं.

कुशाबा मला घेऊन निघाला. बरोबर त्याची विधवा बहीण सुंदराबाई, खास बाळंतपणासाठी गावाहून आलेली. निघण्याआधी दोघांनी मिळून माझ्या मागच्या काचांच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून भरल्या. दारांच्या कडांनाही भरल्या. सुंदराबाई म्हणाली, सुईच्या नेढ्याएवढा वारा आत येता कामा नये. वर त्या दिवशी हवाही गार होती. तेव्हा कुशाबाला माझ्या हीटरची आठवण झाली.

त्याला केवढा आनंद झाला त्या आठवणीचा! इतकी वर्षं जिचं हसं झालं ती वस्तू नातवासाठी कामी येणार होती. इस्पितळाच्या दारात त्यानं पाय लावून झडप उघडली. गंजलेली होती, पण उघडली. रखमा आत बसली, कानाला रुमाल, मांडीवर टोपडं घातलेलं बाळ, त्यावर पदर, त्यावर शाल. ऊब पायाशी आली तशी ती म्हणाली, "आबा, तुमची म्हातारी शेगडी झाली की." कुशाबा चक्क हसला.

भायखळ्याच्या पुढं रस्ता अडला. समोर माणसांची गर्दी, त्यापुढं पोलीस. फटाफट नळकांडी फुटायला लागली आणि पांढरा धूर रस्त्यावरून सरकत आला. कुशाबानं मला मागं घेऊन एका बोळात घातलं. स्वतःची काचही वर चढवली. बायकांना म्हणाला, काही झालं तरी काच खाली करू नका, तो धूर आत आला तर बाळाच्या डोळ्यांचं काही खरं नाही. मग तो उतरला आणि रस्ता कधी मोकळा होतोय ते बघायला बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

इंजिन त्यानं चालूच ठेवलं. एकदा बंद पडले की हँडल मारूनही मी लवकर उठायची नाही, हे त्याला ठाऊक. शिवाय आत ऊब राहायला हवी. सगळं काही त्यानं बाळासाठी केलं, त्यात एकही गोष्ट निष्काळजीपणाची नव्हती.

माझी नळी फुटलेली होती. खोक्याच्या आत, जिथं कुणाची नजर पोचत नाही तिथं गंजून तिला लांबलचक चीर गेली होती. जळका धूर थेट पायाशी येत होता. त्याला रंग नाही आणि वास असून नसल्यासारखा. होता तेवढा बाहेरच्या धुरावर खपून गेला. सुंदराबाई म्हणाली, डोकं जड झालंय बाई. रखमा म्हणाली, मलाही मळमळतंय, जराशी काच उघडू का? सुंदराबाईनं तिला दटावलं. मग सुंदराबाईची मान कलली. रखमानं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि तिचेही डोळे मिटले. मी ओरडू शकत नव्हते हो. हॉर्न माझाच, पण तो दाबायला माणसाचा हात लागतो. देवानं मला सगळं कळेल अशी बुद्धी तरी कशाला दिली?

बऱ्याच वेळानं रस्ता मोकळा झाला. कुशाबानं येऊन आत डोकावलं तर तिघंही झोपलेली. बाळाचे गाल छान लाल दिसत होते. त्याला वाटलं, ऊब मानवली. आपल्या बाजूची काच पहिल्यासारखी खाली करून, झोपमोड होऊ नये म्हणून खड्डे चुकवत त्यानं मला अगदी हळू लालबागला आणलं.

चाळीत दार उघडलं. वारा लागल्यावर सुंदराबाई उलट्या करत उठली. रखमाला दोघांनी हलवून जागं केलं. बाळ उठलं नाही.

डॉक्टर आले. अश्रुधूर आत गेला असणार, एवढ्या कोवळ्या जिवाला तो कसा सोसावा, असं म्हणाले. दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. सगळ्या शहराच्या डोळ्यांत तोच धूर होता. चाळीतली माणसं चवताळली. सरकारनं दहा दिवसांचं पोर मारलं, असं म्हणत दोनचारजण छाती बडवत होते. कुशाबानंही तेच धरून ठेवलं. कुणाला तरी शिव्या देता येतात, तेवढाच माणसाला आधार असतो.

रखमा मात्र रडली नाही. तिचा पदर पान्ह्यानं भिजायचा आणि ती भिंतीकडं तोंड करून बसायची. शेजारची शेवंती एकदा तिचं मन रमावं म्हणून आपलं तान्हं तिच्या मांडीवर ठेवायला गेली, तर रखमानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि उठून गेली. राजाराम सुटून आल्यावर ती गिरगावला परतली. तिथंही तसंच. तान्हं मूल दिसलं की हात पाठीमागं.

वर्ष गेलं नाही तोच तिला पुन्हा दिवस गेले. कुशाबाला हायसं वाटलं होतं. पण राजाराम एकदा स्टँडवर येऊन त्याला सांगून गेला, की रखमा म्हणते, मूल झालं की लगेच नणंदेला देऊन टाकायचं, मी त्याला हात लावणार नाही. कारण विचारलं तर बोलत नाही. कुशाबा त्या दिवशी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला.

पुन्हा थंडी आली. एका सकाळी कुशाबाला ताप होता, गिऱ्हाईक नव्हतं. स्टँडवर माझ्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून, हीटरची झडप उघडून तो बसला. मी काय सांगू तुम्हाला माझं काय होत होतं ते! थोड्या वेळानं त्यानं कपाळ चोळलं. मग त्याची मान कलली.

त्याच्या नशिबानं लवू आला. लवू मालवणचा, त्याची टॅक्सी नेहमी माझ्या मागं उभी असायची. बिडीला काडी मागायला आला आणि याला पाहून दार उघडून त्यानं ओढून बाहेर काढला. शुद्धीवर आल्यावर कुशाबा उलट्या करत होता, सुंदराबाईनं केल्या होत्या तशाच. मग तो एकदम थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला. लवूला म्हणाला, बॉनेट उघड.

दोघांनी पत्र्याचं खोकं सोडवलं. चीर दिसली. बोट सहज जाईल एवढी. लवूला सगळं कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "कुशाबा, ह्यां कोणाक सांगा नको. तुझा चेडू रखमा तुझा तोंड बघूचा नाय. सांगान काय पोर परत येतला?"

काही दिवस कुशाबानं धंदा केला नाही. माझ्या पायरीवर येऊन बसायचा. मला पुसत नव्हता, शिव्याही देत नव्हता. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पोरगी एवढी एकच त्याला या जगात, आणि सांगितलं तर तीही जाणार, हे त्याला दिसत होतं.

तरीही तो गेला. हीटरचं खोकं काढून टाकलं होतं. सगळ्या काचा खाली करून त्यानं मला गिरगावला नेलं आणि रखमाला खाली बोलावलं. पोट दिसायला लागलं होतं तिचं. त्यानं बॉनेट उघडलं, ती चिरलेली नळी तिला दाखवली आणि सगळं सांगितलं, सरळ, डोळे खाली घालून. शेवटी म्हणाला, "तुझं बाळ पोलिसांच्या धुरानं नाही गेलं, पोरी. मी लावलेल्या हीटरनं गेलं."

रखमानं वाकून ती चीर नीट बघितली. मग विचारलं, "म्हणजे माझ्याखाली दबून नाही ना गेलं?"

कुशाबाला कळेना. ती म्हणाली, "मला झोप लागली होती आबा. जाग आली तेव्हा त्याचं तोंड माझ्या छातीत दाबलेलं होतं. मला वाटलं, मीच मारलं."

एक वर्ष ती हे पोटात घेऊन बसली होती. जग सरकारला शिव्या देत होतं, आणि ही स्वतःच्या हातांकडं बघत होती. तिथंच माझ्या पायरीवर बसून ती रडली. कुशाबानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. पदरानं तोंड पुसून उठली आणि म्हणाली, "आबा, बरं झालं सांगितलंत. पण आता काही दिवस इकडं येऊ नका. मला तुमच्याकडं बघवत नाही."

तो बरं म्हणाला. येताना भायखळ्याचा रस्ता टाळून लांबून आला.

रखमाला मुलगी झाली. नणंदेला दिली नाही. बाळंतपणाला माहेरीही आली नाही. धंदा सोडला तरी कुशाबा स्टँडवर जाऊन बसायचा. राजाराम कधीमधी तिथं येऊन सांगून जायचा, पोरगी रांगते, पोरगी आईच्या कडेवरून उतरत नाही. कुशाबा मान हलवायचा आणि मुठीत दोन लिमलेटच्या गोळ्या द्यायचा, तिला दे म्हणून. स्टँडवरच्या प्रत्येक जुन्या गाडीचं बॉनेट उघडून नळ्या तपासायचं वेड त्याला लागलं. पोरं हसायची, तपासू द्यायची. मला मात्र त्यानं पुन्हा रस्त्यावर काढलं नाही.

आता महाराष्ट्र झाला. परवा मे महिन्यात चाळीत दिवे लागले, गुलाल उधळला, पेढे वाटले. कुशाबाच्या हातावरही कुणी पेढा ठेवला. गर्दीतून चालत तो माझ्यापर्यंत आला आणि पायरीवर बसला. ते 'काही दिवस' अजून संपलेले नाहीत. त्यानं कधी तक्रार केली नाही. गुडघे गेलेत, दिसायला कमी झालंय, तरी दर रविवारी धुतलेला सदरा घालून बसतो.

तुमच्यापैकी कुणी गिरगावात जाणार असेल तर खोताच्या वाडीजवळ रखमाला माझा निरोप द्या. सांगा, नळी माझी फुटली होती. मला आता मोडतील, हातोड्यानं सपाट करतील, आणि ते योग्यच आहे. राग धरायचा तर माझ्यावर धर, पोरी, मी काय लोखंड आहे. पण आबा तुझा रविवारी सदरा घालून बसतो. त्याला बोलाव.