चिमीचं हृदय उत्तम आहे

सकाळी दहाला इस्त्रीच्या दुकानात गर्दी असायची. चिमीची आई कॉलरवर पाणी शिंपडत होती. समोर मास्तरीणबाई कपड्यांचं गाठोडं सोडत म्हणाल्या, "सव्वीस हे काय वय आहे का हो हार्टचा झटका यायचं? चिमीला जपा हं. रक्तातच असतं हे."

"हो ना," आई म्हणाली आणि तिने इस्त्री दाबली.

तीन महिने ती हेच म्हणत होती. तिच्या मुलाला झटकाबिटका काही आला नव्हता. त्याने आत्महत्या केली होती. पण त्या आळीत अशा मरणाला मरणही म्हणत नसत. तशा घरी कुणी सांत्वनाला जात नसे, सोयरीक करत नसे, गेलेल्याचा फोटोसुद्धा भिंतीवर लागत नसे. म्हणून त्याच दिवशी मोठ्या दिरांनी दाराला आतून कडी घालून सगळ्यांना पढवलं होतं, "झटका. कुणीही विचारलं तरी झटका. चिमीचं लग्न व्हायचंय अजून." पोटचा गोळा समोर निपचित, आणि आई मान डोलावत होती. रडायचं, तेही खोट्या कारणाने! याला म्हणे अब्रू.

पुढे चिमीची अन्नावरची वासना उडाली. एकदा दुकान झाडता झाडता ती म्हणाली, "छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं गं आई. उठावंसंच वाटत नाही. दादाकडे जावंसं वाटतं."

आईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. गल्ल्यावर बसलेले मोठे दीर, म्हणजे चिमीचे काका, मात्र ताडकन उठले. "छातीत? बघ, तेच! हार्टच्या डॉक्टरांकडे नेऊ." घ्या! स्वतःच सोडलेली पुडी, आणि स्वतःच तिला भुलले!

दवाखान्यात चिमीच्या छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हा त्रास?"

"हिच्या भावाला. झटक्यातच गेला," काका न अडखळता म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं, रिपोर्ट पाहिले आणि हसल्या. "ठणठणीत आहेस. हृदय उत्तम!"

"बघ, उगाच थेरं," काका चिमीवर खेकसले. "उद्यापासून दुकानात बस."

"बरंय," चिमी म्हणाली. "मग आता कुणाला काही सांगायलाच नको."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की आई खुर्चीवरून उठलीच. मुलगाही शेवटच्या आठवड्यात असाच शांत झाला होता, आणि सावरला म्हणून या वेड्या आईने देवाचे आभार मानले होते.

"डॉक्टर, ते झटक्याचं खोडा," आई म्हणाली. "माझ्या मुलाने आत्महत्या केली. आणि हिचंही लक्षण मला ठीक दिसत नाही."

"धाकटे, तोंड सांभाळ!" काका कडाडले. "दार उघडं आहे. बाहेर आपल्या आळीतली माणसं बसलीत. पोरीला उजवशील कशी?"

"पोर राहिली तर उजवीन ना, भाऊजी! एकाचं झाकून ठेवलं. दुसरी नाही द्यायची मला."

"मग आजपासून तुम्ही दोघी आम्हाला मेलात," असं म्हणून ते निघून गेले.

बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची चिमीजवळ ओढली. "जीव द्यावासा वाटतो का तुला?"

इतक्या तपासण्या झाल्या, पण हा साधा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. तिचा बांध फुटला. "हो. रोज वाटतं."

"सांगितलंस, फार बरं केलंस. यावर उपचार आहेत. पण आता तुला एकटीला सोडायचं नाही." त्यांनी लगेच मनोविकारांच्या डॉक्टरांना फोन लावला. "आत्ताच बघायला हवं," त्या म्हणाल्या. तिकडून निरोप येईपर्यंत मायलेकींना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. मायलेकी बसल्या तशा त्या उठल्या. एकीने आपल्या मुलीला दंडाला धरून लांब ओढलं. दुसरी मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली, "दोन्ही पोरं तसलीच म्हणजे खोट आईतच असणार." आईचे कान तापले. तिने चिमीचा हात घट्ट धरला आणि मान खाली घातली नाही.

उठून भिंतीशी उभी राहिलेली आळीतली दूधवाली मात्र परत आली. पदराचं टोक चुरगाळत ती हळूच म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाही झटकाच आला होता. नऊ वर्षं तेच सांगतेय. माझी दोन्ही पोरंही तेच समजतात." तिने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "खरं काय झालं ते सांगू का गं तुला?"

आई सरकली. दूधवाली शेजारी बसली.

"सांग," आई म्हणाली. "आणि हळू नको बोलूस."