म्हाताऱ्याची आंघोळ

लोक गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात, ठोक्या लोखंडाला घालायचा. तेही मिठाचं. लाकडाच्या वखारीतून मोडीत निघालेली करवतीची गोल पाती त्याने एका चौकटीला दोरीने टांगली होती आणि रोज संध्याकाळी तो त्यांच्यावर मगातलं पाणी बोटांनी शिंपडायचा. वर्षानुवर्षं गंजाचे थर चढत गेले आणि पाती घंटेसारखी वाजायची थांबली. कापड गुंडाळलेल्या काठीने मारलं की आता एक आखूड, कोरडा आवाज यायचा, पलीकडच्या खोलीत कुणी खोकल्यासारखा. म्हणून त्या वाद्याचं नाव म्हातारा.

ठोक्या हे नाव मात्र घरचं. लहानपणी ताट, दार, मोठ्या बहिणीची पाठ, सापडेल ते ठोकायचा म्हणून. पुढे जॅझच्या बँडमध्ये ड्रम वाजवता वाजवता तो वाद्यंच बनवायला लागला. पाइपांची, बरण्यांची, एक तर सायकलच्या चाकाचं. बँडमधले आधी हसले, मग कंटाळले, मग बोलवेनासे झाले. तो घरीच वाजवत राहिला. कधी कधी त्याला शंका यायची, आपल्याला जे ऐकू येतं ते पात्यात आहे की नुसतं आपल्या डोक्यात?

मग एकदा त्याचा जुना जोडीदार, सॅक्सोफोनवाला, सहज घरी आला आणि त्याने म्हातारा ऐकला. पुन्हा वाजवायला लावला.

"माझ्या लांब सुरांखाली हा असाच खोकत राहिला पाहिजे," तो म्हणाला. "शनिवारी ये. जमलं तर पुढचे सगळे कार्यक्रम आपण दोघं."

ठोक्याने ताईला फोन केला. ताईने त्याला स्टेजवर कधी ऐकलंच नव्हतं. आधी मुलं लहान, मग सासूचं आजारपण, मग नवऱ्याचं. "येते," ती म्हणाली आणि खरंच आली, दोन पिशव्या घेऊन.

शुक्रवारी तो हॉल बघायला निघाला. जाताना म्हणाला, "गॅलरीत जपून गं. गंज फार आहे, कपड्यांना लागेल."

परत आला तेव्हा गॅलरी लखलखत होती.

"ओळख बघू," ताई म्हणाली. पायाशी तारेच्या घासण्या आणि पॉलिश पेपरचे तुकडे पडले होते. प्रत्येक पात्यावर तेलाचा हात फिरला होता. तिची बोटं सोलवटली होती. "सकाळपासून बसलेय. चार लोकांत ते ध्यान घेऊन जाणार होतास? लोक म्हणतील, ह्याला कुणी आहे की नाही."

ठोक्याने एका पात्यावरून बोट फिरवलं.

"वाजव ना."

त्याने काठी मारली. पातं टणकन वाजलं आणि वाजतच राहिलं.

"आता कसं वाजल्यासारखं वाजतंय. आधी नुसतं बद्द बद्द. मी वाजवून बघितलं होतं."

"छान केलंस," तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने पात्यांना चिकटपट्ट्या लावून पाहिल्या, ओलं फडकं बांधून पाहिलं. आवाज दबला, पण तोंड दाबून धरलेल्या माणसासारखा. ताई बाहेर आली. "अरे, आत्ता तर पुसलं," म्हणत तिने फडकं सोडलं, पट्ट्या खरवडून काढल्या आणि पुन्हा तेल लावलं.

शनिवारी, लोक यायच्या आधी, सॅक्सोफोनवाल्याने एक लांब सूर धरला आणि ठोक्याने त्या सुराखाली पाती वाजवली. सॅक्सोफोनवाला थांबला.

"म्हाताऱ्याला काय झालं?"

"आंघोळ घातली."

"कुणी?"

ठोक्याने खुर्च्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून ताई एकटीच बसली होती. तिने हात हलवला. बोटांना पट्ट्या होत्या.

सॅक्सोफोनवाल्याने मान खाली घातली. "हे माझ्याशी भांडतंय रे. पुन्हा गंजायला किती लागेल?"

"वर्षं."

"आपल्या वयात वर्षं म्हणतोस." तो जरा घुटमळला. "आमचा ड्रमवाला आहे, तो आज निभावून नेईल. ताईंना मी सांगू का?"

"नको. मला सुरुवातीला थोडा वेळ दे. एकट्याला."

तो वेळ त्याला मिळाला. एक पातं वाजवायचं, आवाज विझायची वाट बघायची, मग दुसरं. घाई केली की नुसता कलकलाट. त्याने फार थोडं वाजवलं. मधल्या जागांत पंखा ऐकू येत होता, कुणाची तरी खुर्ची करकरत होती. हे वाद्य त्याच्या ओळखीचंच नव्हतं. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही ताईच्या चालू राहिल्या, पट्ट्यांमुळे आखूड, कोरड्या. संध्याकाळभरात तेवढाच आवाज त्याच्या ओळखीचा होता.

बाकीचा कार्यक्रम त्याने तिच्या शेजारी बसून ऐकला.

"तू का नाही त्यांच्यात?" ती कुजबुजली.

"माझं झालं."

"तुझंच बरं होतं. हा फुंकणारा थांबतच नाही."

निघताना सॅक्सोफोनवाल्याने पाठीवर थाप मारली. फोन करतो, असं म्हणाला नाही.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेली. संध्याकाळी ठोक्याने मगात मीठ ढवळलं आणि पाणी शिंपडलं. थेंब तेलावरून घरंगळून खाली पडले, एकही टिकेना. तो साबण घेऊन आला, एक पातं मांडीवर घेऊन तेल काढायला बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले. जेवलास का?"

"जेवेन."

"आणि ऐक, ती पाती पुसत जा. परत गंजली तर सांग हं, मी येऊन घासून देईन."

हातातला साबणाचा फेस मनगटापर्यंत ओघळला होता.

"ऐकतोयस ना?"

"गंजतील गं," तो म्हणाला. "पण वेळ लागेल."

"मग काय, लागू दे. कळव मात्र."

फोन ठेवून त्याने पातं धुतलं, कोरडं केलं, दोरीला टांगलं आणि मिठाच्या पाण्याचा मग उचलला.