मुकादम यंत्र

"तुमचं पहिलं मशीन मुकादम झालंय, प्रेमिलाबाई," डांगरे सर म्हणाले. "काम वाटतं, उत्तरं घेतं, स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही. उद्या प्रात्यक्षिक बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर चारही मशीन राबताना दिसली पाहिजेत. गणिताचे चार सारखे वाटे करा. नाहीतर प्रोग्रॅम दुसऱ्याकडे देतो."

"नाही करणार," मी म्हटलं.

शहाऐंशीचा मे महिना होता. आमच्या संस्थेत चार संगणक तारांनी जोडले होते. रामटेककडच्या विहिरींच्या पाणीपातळीचं गणित त्यांच्याकडून मिळून करून घ्यायचं, हे माझं काम. मी गणिताचे लहान तुकडे पाडले. पहिलं यंत्र उरलेल्या तिघांना एकेक तुकडा देई. ज्याचं उत्तर आलं, त्याला पुढचा. उमरेडला बाबा हातमाग कारखान्यात मुकादम होते, मागांना सूत असंच द्यायचे. ते स्वतः मागावर बसत नसत, म्हणून कोणता माग थांबला ते त्यांना लगेच कळायचं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेच घाम पुसत. गणित सुरू झालं.

"देवाजी, कूलर लाव!" सर ओरडले.

"प्लग खाली नाही ना साहेब, सगळे भरले," शिपाई देवाजी म्हणाला.

मी उठले, तिसऱ्या यंत्राचा प्लग उपटला आणि तिथे कूलरचा लावला.

"काहून काढून राहिल्या मॅडम! चालू होतं ना ते!"

सरांचा चेहरा उतरला. "मुद्दाम केलंत हे?"

"हो."

कूलर घरघरला, वाळ्याचा ओला वास पसरला. पहिल्या यंत्राच्या पडद्यावर काहीच हलेना. मग ओळ उमटली: तिसऱ्याचं उत्तर नाही, त्याचा तुकडा दुसऱ्याला.

गणित जरा उशिरा संपलं. प्रात्यक्षिकापुरत्या या छोट्या गणिताचं उत्तर मी आधी हाताने काढून ठेवलं होतं. ते जुळलं.

"आणि पहिल्याचाच प्लग काढला असता तर?" एका पाहुण्यांनी विचारलं.

"सगळं थांबलं असतं. म्हणूनच ते अडकेल असं दुसरं काम त्याच्यावर लादू देत नाही."

पाहुण्यांनी मान डोलावली.

"ठेवा तुमचा मुकादम," सर म्हणाले. "पण प्लग काढण्याआधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

देवाजी पुढे झाला. "तिसरं लावू का मॅडम परत?"

"राहू दे," मी म्हटलं. "साहेबांना गरम होतंय."