पंपाचं स्नान

तांब्याच्या कारखान्यात सगळे तांब्याचंच कौतुक करतात. पाहुणे आले की त्यांना भट्टी दाखवायची, लाल रस दाखवायचा, फोटो काढायचे. आमच्या अ‍ॅसिड प्लांटकडे कोणी फिरकत नाही. अरे, पण त्या भट्टीचा गंधकाचा धूर जातो कुठे? आम्ही गिळतो! तो धुवायचा, वाळवायचा, त्याचा आणखी जहाल वायू करायचा आणि तो जाड, म्हणजे तीव्र अ‍ॅसिडमध्ये जिरवायचा. त्याचंच आणखी सल्फ्युरिक अ‍ॅसिड होतं आणि टँकर भरभरून खतवाल्यांकडे जातं. आम्ही तोंड मिटलं तर भट्टी बंद, नाहीतर पार मनावर गावापर्यंत लोक खोकत बसतील. मी विनोदिनी, धारकडच्या या प्लांटची इनचार्ज. माझं बोलणं तिखट आहे हे मला माहीत आहे, तुम्ही सांगू नका.

दर खंडेनवमीला आम्ही अ‍ॅसिडच्या पंपाची पूजा करतो, आणि ती करायला देवासहून माझे मामा येतात. मोरोपंत. देवळातली पूजा आता त्यांच्या पुतण्याकडे गेली, यजमानांची मुलं पुण्या-बंगलोरला गेली. उरला तो आमचा पंप. पण ऐट काय सांगू! "आमच्या कारखान्याची पूजा आहे," असं सगळ्या गल्लीला ऐकवत, सोवळ्याचा कद खांद्यावर टाकून निघतात.

गेल्या वर्षी घोळ झाला. मामांनी स्नानाचं पळीभर पाणी पंपाऐवजी शेजारच्या टाकीच्या तोंडात टाकलं. नमुना काढायला झाकण उघडलं होतं, आणि पूजेच्या गडबडीत ते लावायचं राहिलं. जाड अ‍ॅसिडमध्ये पाणी पडलं की ते जागच्या जागी उकळतं आणि अ‍ॅसिड उडतं. फस्स! आमचे जुने ऑपरेटर अण्णा समोरच उभे होते. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मामांच्या सुती उपरण्यावर तेव्हा काही दिसलं नाही. घरी मामीनं धुतलं तर नुसती चाळण हातात आली. मामांनी खापर साबणावर फोडलं.

खरी गोष्ट मामीनं मला हळूच सांगितली. मामांना टाकीचं तोंड दिसलंच नव्हतं. डोळ्यांच्या आतला पडदा गेला आहे, ऑपरेशनचाही उपयोग नाही. पण कबूल करतील तर ते मामा कसले! कबूल केलं की हातातली शेवटची पूजाही गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक.

या वर्षी सेफ्टीचा अर्पित आला माझ्याकडे. आमच्याच देवासचा मुलगा, पण मराठी बोलतो ते अर्धं हिंदीत. "ताई, मामाजींना नको बुलवू या. मोबाईलवर मंत्र लावू, अगरबत्ती लावू, हो गया."

"आणि दक्षिणा मोबाईलला देशील का रे?" मी उसळले. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त उसळले. शेवटी तह झाला. नारळ गेटवर फोडायचा, टाक्यांची झाकणं घट्ट बंद, आणि प्लांटमध्ये पाण्याचा एक थेंब नाही. काही गडबड झाली तर मामांची ही पूजा शेवटची.

मामांना फोन केला. "पाण्याशिवाय? विनू, अगं देवाला स्नान नको? उद्या म्हणशील मंत्राशिवाय करा!"

"मामा, थेंब जरी दिसला तरी अर्पित तुम्हाला गेटबाहेर काढेल, आणि मी त्याला अडवणार नाही."

फोन आपटला त्यांनी. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

खंडेनवमीला मात्र स्वारी गेटवर हजर. कद, त्याखाली सेफ्टीचे बूट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा. काय ध्यान दिसत होतं! "भिया, गुरुजी तो चाँद पे जा रिये हैं," मागून कोणीतरी म्हणालं. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्याशी बोलले नाहीत.

दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला प्लांट पूजेनंतर लगेच सुरू व्हायचा होता. भट्टीवाले वाट बघत होते. मामांनी झेंडूचा हार काढला, हळदकुंकू काढलं, आणि मग पिशवीतून तांब्या काढला. अर्पित एक पाऊल पुढे आला.

मामांनी तांब्यात हात घातला. मुठीत तांदूळ होते.

"स्नानार्थे अक्षतान् समर्पयामि," मामा ठणठणीत आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुटपुटले, "जे नसेल त्याच्या जागी अक्षता. पूजा अडत नाही, कळलं?"

कळलं! पण मूठ पंपाकडे जाईना, भलतीकडेच वळायला लागली. सगळे बघत होते. मी पटकन पुढे झाले. "थांबा मामा, यजमानीण मी आहे. हाताला हात लावायचा असतो ना?" घरच्या पूजेत बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, मी आपला मामांच्या मनगटाला लावला आणि हळूच पंपाकडे वळवला. मामांचा हात एकदा ताठ झाला, मग त्यांनी तो सैल सोडला. अक्षता बरोबर पंपावर पडल्या. शास्त्रात बसतं की नाही, देव जाणे. अण्णा म्हणाले, "वा, झकास."

मग आम्ही भट्टीचा वायू आत घेतला आणि सगळे बाहेर येऊन माना वर करून उभे राहिलो. चिमणीतून पांढरा धूर निघाला तर समजायचं की आत नीट जिरत नाही, अ‍ॅसिडच हवेत चाललंय. मग परत बंद करा. अर्पितनं उन्हाला आड म्हणून कपाळावर हात धरला होता.

मामा माझ्या शेजारी आले. त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "विनू, मला काहीच दिसत नाही गं."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

"आम्हालाही नाही, मामा," मी म्हणाले. "चिमणीवर काही म्हणजे काही नाही, नुसतं आभाळ. असंच दिसायला हवं."

त्यांनी माझा हात चाचपून धरला. "म्हणजे पुढच्या वर्षी आलो तर चालेल?"

"गाडी पाठवतो, मामाजी," अर्पित चिमणीवरची नजर न काढताच म्हणाला.