आबांचे सरदारजी

रूपा, तू फक्त ऐक, मध्ये बोलू नको. रविवारी माझा साखरपुडा होता ना, योगराजशी? त्याला जर्मनीतून सुट्टीच नाही. मग आबांनी ठरवलं, मोबाईलवरच करायचा. आमच्या धरणगावच्या शेतात, भरीत पार्टीतच. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजताहेत, धुळ्याहून सासरचे आलेत, पाटावर मोबाईल उभा केलाय, त्यात योगराज कोट घालून. आत्यानं मोबाईलला हार घातला तर भिकनकाका ओरडले, "हार काढ ओ बाई, पोरगा जिता शे!"

आता आतली गोष्ट. गेल्या महिन्यात योगराजच्या जर्मनीतल्या गावात एकानं भर बाजारात लोकांवर गाडी घातली. धर्माचं राज्य आणायचं होतं म्हणे त्याला. माणसं मेली गं. तेव्हापासून आबांचं एकच, "बाहेरना बठ्ठास्ले हाकली द्या!" बाहेरचे सगळेच म्हणे हाकला.

आई म्हणाली, "मग जावई कुठला? बर्लिनचा?"

"तो येगळा. तो इसावर गेला शे."

आणि त्या इसावरच्या, म्हणजे व्हिसावरच्या, जावयाला त्या हल्ल्यानंतर कोणी खोली देईना. सावळा रंग, वर दाढी. पोलिसांनी ट्रॅममधून दोनदा उतरवलं. शेवटी फरीदचाचांनी दिली, दुकानाच्या वरची. चाचा काबूलचे, तालिबानला घाबरून पळालेले. तिथे मशिदीबाहेर काही जण पोरांच्या डोक्यात नको ते भरत होते, त्यांची तक्रार पोलिसात चाचांनीच केली. म्हणून त्या लोकांनी दुकानाची काच फोडली. हल्ल्यानंतर गोऱ्यांनी फोडली. मजा फक्त काचवाल्याची!

हे मला माहीत, योगराजला माहीत. आबांना नाही. कळलं तर लग्न मोडणार, म्हणून योगराजनं मला शपथ घातलेली. लग्नानंतर मी तिथेच राहायला जाणार ना!

तर आबा मोबाईलला कुंकू लावताहेत, तेवढ्यात मोबाईलमध्ये योगराजच्या मागून फरीदचाचा मिठाईची थाळी घेऊन हजर. मुबारक द्यायला!

आबा म्हणाले, "हाऊ कोन शे?"

योगराज म्हणतो, "घरमालक, आबा. पंजाबी."

आबा खूश. "सरदारजी! मंग पगडी कुठे?"

"धुवायला टाकलीय."

भिकनकाकांना ठसका लागला. आबा आपल्या हिंदीत सुरू, "सरदारजी, जावई पे नजर रखना हां. उधर वो लोगोंने लई उच्छाद मांडा है. सब को हाकल देना चाहिए!"

चाचांना हिंदी चांगली समजते, रूपा. पगडीचंही समजलं असणार. त्यांनी एकदा योगराजकडे पाहिलं. योगराज टाय सरळ करायला लागला. चाचा हळूच म्हणाले, "जी, मुझे भी हाकला था. उन्हीं लोगों ने."

"बघा!" आबांनी मांडीवर थाप मारली. "सरदारजी सच्चा माणूस. पोरी, नमस्कार कर त्यांना!"

मी मोबाईलसमोर वाकले. चाचांनी थाळी बाजूला ठेवून हात वर केला आशीर्वादाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, हे सरदारजी नाहीत. फरीदचाचा आहेत, काबूलचे. आणि मी त्यांच्याच घरात राहणार आहे."

आबांनी नारळ पाटावरून उचलला आणि तसाच काखेत घेऊन कपाशीत निघून गेले. सासूबाई म्हणतात, पोरगी फटकळ आहे. भिकनकाकांनी मात्र दोन वेळा भरीत वाढून घेतलं.

ते सोड. आबा येतील गं ताळ्यावर. पण योगराज! फोन उचलत नाही. एकच मेसेज केलाय, "पंजाबीच राहू दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?" आणि तिकडून फरीदचाचांचा फोन, "बेटी, उसपे गुस्सा मत करना, डर गया था."

आता मला कळत नाहीये, मला हा नवरा हवा की नको. खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?