सावलीचं माप

टाचणीबाईंच्या ओठांत दिवसभर टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढल्या की आतून निघणारी जीभ त्याहून टोकदार असे. गल्लीने नाव ठेवलं ते उगाच नाही. चाळीस वर्षं शिवणकामात गेली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसरा डॉक्टरांनी "जपून वापरा" असं सांगून परत दिला होता. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावरचा काळा दोरा आता दिसत नसे. म्हणून बारीक काम सगळं सकाळी सात ते नऊ, पूर्वेच्या एकुलत्या एक खिडकीशी. हे दोन तास हातचे गेले तर दुकानाला कायमचं कुलूप लावायचं आणि लेकीच्या घरी भाजी निवडत बसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेक गुणाची होती, पण ती पाळी बाईंना नको होती.

आणि नेमके तेच दोन तास सात नंबरने गिळले होते.

सात नंबर म्हणजे टेकडीवरच्या वीस पवनचक्क्यांमधली सातवी. वर्षातून दोनदा, महिना-दीड महिना, सूर्य बरोबर तिच्यामागून वर येई आणि फिरत्या पात्यांची सावली टेकडी उतरून थेट खिडकीतून आत शिरे. पातं आलं की अंधार, गेलं की उजेड, मिनिटाला चाळीसएक वेळा. कुणीतरी वात्रटपणे दिव्याच्या बटणाशी खेळत बसलंय असं वाटे. बाईंना मळमळायचं, डोकं चढायचं. मागच्या वर्षी मशीनची सुई कापडाऐवजी अंगठ्यातून गेली.

वाऱ्याशी मात्र त्यांचं वैर नव्हतं. नदीपलीकडे कोळशाचं वीजकेंद्र होतं तेव्हा वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. नवरा खोकून खोकून गेला. आणि एवढं करून वीज दिवसातून चारदा जायचीच. आता धूर नाही, मशीनची मोटर घुरघुरत असते, आणि जावई चक्क्यांच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला आहे. वारा पडला की वीज दुसरीकडून आणावी लागते, हे त्यानेच सांगितलं होतं. "मग काय झालं? माणसं तरी कुठे रोज कामं करतात?" बाई म्हणाल्या होत्या.

म्हणूनच 'पवनचक्की हटाव समिती'शी त्यांचं जमलं नाही. समितीचा अध्यक्ष दूधवाला. चक्कीमुळे गाईंचं दूध पातळ झालं, असं त्याचं भाषण. "दूध पातळ व्हायला चक्की कशाला हवी? नळ पुरतो की," असं बाई भर सभेत म्हणाल्या आणि चपला घालून घरी आल्या.

मागणी साधी होती. त्या दिवसांत सकाळचे दोन तास एक चक्की थांबवा. बाकीच्या एकोणीस गरगरू देत.

पण कंपनीचे साहेब म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. "तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे," म्हणाले. मग पाहणीला दोन अधिकारी पाठवले. कधी? दुपारी दीड वाजता, पोटभर जेवून. सूर्य डोक्यावर. अंगणात उभं राहून त्यांनी वहीत लिहिलं, 'सावली आढळली नाही.' दुसऱ्या वर्षी ते सकाळी आले, तर वारा पडलेला. 'पाती स्थिर. त्रास संभवत नाही.' तिसऱ्या वर्षी ढग होते, तरी नेमाने आले आणि ढगाखाली सावली शोधून परत गेले. चौथ्या वर्षी नुसतं पत्र आलं: 'प्रत्यक्ष माप मिळाल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.'

"मला माप शिकवतात!" बाईंनी पत्राचा कागद बाहीच्या नमुन्यासाठी कापून टाकला.

जावई ओशाळून म्हणाला, "आई, अवघड काही नाही हो त्यात. सावली म्हणून एकदा नोंद झाली, जागा आणि वेळ यंत्राला कळली, की त्या दिवसांत चक्की रोज आपोआप थांबते. पण हुकूम साहेबांचाच लागतो. मी परस्पर केलं तर नोकरी जाईल."

"तुम्ही काही करू नका, जावईबापू. तुम्ही फक्त फोन उचला."

संधी साहेबांच्या अंगानेच चालत आली. चक्क्यांना दहा वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ ठरला, आणि साहेबांना कोट हवा होता. तयार कोट त्यांना बसत नसे. उजवा खांदा दोन बोटं खाली आणि पोट चार बोटं पुढे. कोट शिवणारं माणूस त्या भागात एकच.

"सांगा त्यांना, माप सकाळी साडेसातला," बाई जावयाला म्हणाल्या. "माझा डोळा तेव्हाच चालतो." यात खोटं काहीच नव्हतं. "उद्या वारा कसा आहे?"

"चांगला आहे."

"आणि आभाळ?"

"स्वच्छ." जावई हसू दाबत होता.

"मग उद्याच."

साहेब वेळेवर आले. बाईंनी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं, अंगावर नमुन्याचा कच्चा टाचलेला कोट चढवला आणि टाचण्या ओठांत धरल्या. सूर्य वर आला. सात नंबर कामाला लागली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी डोळे मिचकावले.

"कुठे काय?"

"अहो, हा उजेड... येतोय, जातोय."

बाईंनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "ते होय? ते अजून आढळलेलं नाही, साहेब. तुमच्याच वहीत लिहिलंय."

पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या मिनिटाला ते ओरडले.

"हलू नका ना," बाई म्हणाल्या. "सावली आली की मला टाचणी दिसत नाही. मी तरी काय करू?"

तिसऱ्या टाचणीला साहेबांनी फोन काढला. "सात नंबर थांबव! माझं माप होईपर्यंत."

"लगेच, साहेब." जावयाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "कारण काय लिहू? कारण लिहिल्याशिवाय यंत्र थांबत नाही."

"लिही बिघाड!"

"समारंभाच्या फलकावर 'यंदा एकही बिघाड नाही' असं छापलंय, साहेब."

"मग वारा नाही म्हणून लिही."

"वारा यंत्रच मोजतं. खोटं लिहिलं तर ते घेत नाही."

"मग उरलं काय?" साहेबांनी खिडकीची चौकट धरली होती.

"यादीत एकच उरतं. सावली."

साहेब एक क्षण थबकले. तेवढ्यात पातं आलं, आणि बाईंचा टाचणीचा हात बगलेजवळ आला.

"लिही सावली!"

"जागा?"

"जागा काय विचारतोस? हीच! टाचणीबाईंचं घर!"

"वेळ?"

"सात चाळीस! थांबव, बाबा, आता!"

टेकडीवरची पाती मंदावली, आणखी मंदावली आणि उभी राहिली. खोलीत उजेड आला तो आलाच. चार वर्षं जे तांत्रिकदृष्ट्या अवघड होतं, त्याला पुरतं एक मिनिटही लागलं नव्हतं. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो संतापच. एवढंसं काम! एवढ्यासाठी त्यांनी अंगठा फोडून घेतला होता आणि उजेडाची भीक मागितली होती. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले. मग काळा दोरा घेतला आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवला.

साहेब कपाळाचा घाम टिपत होते. बाईंनी त्यांच्या अंगावरचा कच्चा कोट उतरवला आणि टेप गुंडाळून खणात टाकली.

"झालं माप."

"अहो, बाही राहिली ना?"

"कोटाचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "तुमचं झालं. उद्या याच वेळेला या, उजेड चांगला असेल."